दोन खोल्यांच्या घरात छोटा व्हॅक्यूम क्लीनर: कामाचा की अडगळ?

पेठकर
नवरात्राआधीची झाडलोट तोंडावर आली आहे. पंचगंगेच्या घाटावर गोधड्या-चादरी धुवायला गर्दी व्हायला लागली की आमच्या घरातही माळ्यापासून मोरीपर्यंत सगळं बाहेर निघतं. मंगळवार पेठेत जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या, माणसं चार. भिंती मातीच्या, वरून चुना. त्यामुळे बारीक माती बारा महिने गळते.

गेल्या दिवाळीत दोन हजारांच्या आतला, हातात धरायचा वायरवाला छोटा व्हॅक्यूम घेतला. तेव्हापासून सगळ्यांकडून एकच ऐकतोय, ‘एवढ्याशा घरात हे कशाला?’ माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. लहान घरातच तो जास्त लागतो. मोठ्या घरात धूळ मोकळ्या फरशीवर पडते, झाडलं की झालं. आमच्याकडे मोकळी फरशी आहेच किती? दिवाणाखाली ट्रंका, ट्रंकांवर गाद्यांची वळकटी, कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन, त्याला लागून पुस्तकांचं कपाट. धूळ या सामानाच्या फटींत बसते आणि तिथं केरसुणी जातच नाही. चपटं तोंड लावून शिलाई मशीनच्या शटलखालचा तंतूंचा गोळा ओढून घ्या, मग कळेल मी काय म्हणतोय ते. मच्छरजाळी, खिडकीचा ट्रॅक, दिवाणाच्या खाचेत अडकलेलं भडंग, सगळं निघतं.

फरशीसाठी मात्र केरसुणीच. तिथं हे मशीन वापरायला जाऊ नये, कंबर मोडते आणि वेळही जातो. ज्यांनी लहान घरात वापरलाय त्यांनी लिहा.

राजारामपुरीची सून
दादा, वापरलाय म्हणूनच लिहिते. मशीन घर साफ करतं, पण मशीन कोण साफ करतं? आमच्याकडे मीच. डबा रिकामा करायचा, ब्रशला गुंडाळलेले केस कात्रीनं कापून काढायचे, आतला स्पंज धुवायचा. पहिल्यांदा धुतला तेव्हा मोरीत काळंकुट्ट पाणी वाहत राहिलं आणि पुन्हा मोरी घासावी लागली. आषाढात तर तो स्पंज दोन दिवस वाळला नाही. ओलसर राहिलेला तसाच घातला आणि सुरू केला, तर खोलीभर कुबट वास.

शिवाय ठेवायचा कुठं? खोका माळ्यावर. म्हणजे वापरायचा तर स्टूल घ्या, खाली काढा, पाइप जोडा, बोर्डापर्यंत वायर पुरते का बघा. त्याचा आवाज एवढा की पाळण्यातलं पोर दचकून उठतं. केरसुणी दाराआड उभी असते. हात घातला की काम सुरू. दिवाण पुढं ओढून खराट्यानं केर काढायला मला मशीन खाली काढण्याइतकाही वेळ लागत नाही.

मला खरं लागलेलं सांगते. घरात यंत्र आलं की पुरुषांना वाटतं बाईचं काम कमी झालं. काम तेवढंच राहिलं, वर यंत्राची उठाठेव वाढली.

पेठकर
वहिनी, शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ज्यानं हौसेनं आणलं त्यानंच डबा आणि स्पंज धुवावा. आमच्याकडे ते काम माझं आहे आणि तसंच असावं. स्पंजाचं म्हणाल तर जादा एक घेऊन ठेवायचा, एक वाळतोय तोवर दुसरा. आणि मशीन माळ्यावर टाकलं की संपलंच. दाराच्या मागं खुंटीला पिशवीत टांगा, हाताशी असेल तरच वापरलं जातं.

पण दिवाण पुढं ओढायची गोष्ट सगळ्यांना जमत नाही. माझ्या आईला गुडघ्यामुळं खाली वाकता येत नाही. पाइप लावून ती खुर्चीत बसून दिवाणाखालची धूळ काढते.

वाइंडिंगवाला (उद्यमनगर)
मोटरी दुरुस्त करतो, तेवढंच बोलतो. भावांनो, खोक्यावरचे वॅट बघून घेऊ नका. वॅट म्हंजे मोटर वीज किती खाते ते. ओढ किती हाय ते त्यावरनं कळत न्हाई. पंखा, फिल्टर आणि सांधे कसे बसवल्यात त्यावर ओढ ठरते. सांध्यातनं हवा गळत असंल तर हजार वॅटचंबी काय उपयोगाचं न्हाई. विजेचं भ्या बाळगू नका. ८०० वॅटचं मशीन पंधरा मिनिटं चाललं तर ०.२ युनिट जातं.

गाडीत लावायचं १२ व्होल्टचं घेऊन घर झाडायचा विचार असंल तर सोडा. तो सॉकेट साधारण १० अँपियरचा असतो, म्हंजे लई झालं तर १२० वॅट. सीटवरचे चुरमुरे उचलंल, गादीतली धूळ न्हाई.

आता मोटर का जळती ते ऐका. ह्या बारक्या कोरड्या मशीनमदी बहुतेक वेळा जी हवा धूळ ओढती तीच मोटर गार ठेवती. फिल्टर तुंबला की हवा थांबती आणि मोटर तापती. तुंबल्यावर आवाज जड होत न्हाई, उलटा चिरका होतो, कारण पंख्याला ढकलायला हवाच उरत न्हाई आणि मोटर मोकाट पळती. चिरका आवाज आला की बटण बंद, डबा उघडा. लोक तसंच रेटत्यात आणि मग जळालेलं आर्मेचर, म्हंजे मोटरीतला तार गुंडाळलेला फिरता भाग, घेऊन येत्यात. त्याला वीज पोचवणारा कार्बन झिजला तर बदलून देतो, पण स्वस्तातल्या मशीनचं आर्मेचर नव्या तारेनं भरायचा खर्च परवडत न्हाई. देवाऱ्यातली राख, रांगोळी, पाणी, ह्यातलं काय बी ओढू नका.

कळंबा रोड
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. आमच्या मुलीला दमा आहे. स्वस्त मशीनमधली सगळ्यात बारीक धूळ स्पंजातून आरपार जाते आणि मागच्या जाळीतून पुन्हा खोलीत येते. दुपारच्या कवडशात मशीन सुरू करून बघा, मागून निघणारा धुरळा डोळ्यांना दिसतो. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. खोक्यावर नुसतं ‘हेपा टाइप’ लिहिलेलं असेल तर ही खात्री कोणी देत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथं पोर त्याच गादीवर झोपणार, तिथं हे चालवणं मला धोक्याचं वाटतं.

गादीतल्या धुळीच्या किड्यांना दमट हवा मानवते आणि आपल्याकडं पावसाळ्यात त्याची काय कमी? त्यावर आमचा उपाय: अभ्रे-चादरी ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवायच्या, ऊन पडलं की गाद्या गच्चीवर, फरशी ओल्या फडक्यानं.

पेठकर
दम्याच्या घरात तुमचं बरोबर, तिथं मी स्वस्त मशीन घ्या म्हणणार नाही. पण कोरड्या केरसुणीनं धूळ उडत नाही का? ती तर सगळीच उडते. आणि गच्ची सगळ्यांना कुठं आहे? वाड्याच्या चौकात ऊन येतं तासभर, तिथं चार घरांच्या गाद्या कशा मावणार? मी दार-खिडकी उघडून, तोंडाला रुमाल बांधून मशीन चालवतो आणि धूळ बसली की ओलं फडकं फिरवतो.

कळंबा रोड
म्हणजे शेवटी ओलं फडकं लागलंच! मग दोन हजार कशाला घालवले?

बावड्याची लेक
फडक्यानं न निघणारी एक गोष्ट सांगते. हंगामात उसाचं पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येऊन आमच्या गॅलरीत पडते. पापडाच्या तुकड्यासारखी हलकी असते, हात लागला की चुरा. ओलं फडकं लावलं तर फरशीवर काळे फराटे, केरसुणी लावली तर चुरा होऊन फटीत. मशीनचं तोंड फरशीपासून बोटभर वर धरायचं, अख्खा तुकडा आत जातो. वाळत घातलेल्या कपड्यांवरचीही अशीच काढते, चोळायचं नाही. माझ्यासाठी एवढ्या कामातच पैसे वसूल आहेत. पण वाइंडिंगवाले दादा राख ओढू नका म्हणताहेत, तर हे चालेल का?

वाइंडिंगवाला (उद्यमनगर)
थंड झालेली काजळी चालंल, ताई. पण त्याच दिवशी डबा रिकामा करून फिल्टर झटका, तसाच ठेवू नका. गरम राख मातुर कधीच न्हाई, आत प्लास्टिक आणि केर दोन्ही पेट घेतील.

राजारामपुरीची सून
बावड्याच्या ताईंचं पटलं, पण ते काम चार महिन्यांचं. माझं मत तेच आहे, एका घराला एक मशीन नको. आमच्या मजल्यावर पाच बिऱ्हाडं आहेत. सगळ्यांनी मिळून एक चांगलं, खऱ्या फिल्टरचं घ्यावं, आळीपाळीनं वापरावं. ठेवायचा प्रश्न सुटतो, पैसेही कमी.

पेठकर
वहिनी, याला माझा ठाम नकार. एका घरात ढेकूण असतील तर ते पाइपातून आणि डब्यातून पाचही घरांत पोचतील. ढेकूण घरातून काढायला काय हाल होतात ते ज्यानं भोगलंय त्याला विचारा. घ्यायचंच असेल तर निदान पिशवी बदलता येणारं घ्या आणि प्रत्येक बिऱ्हाडानं आपली पिशवी वेगळी ठेवून ती लगेच बांधून बाहेर टाकावी. पाइपाचं काय करायचं ते मात्र तुम्हीच सांगा.