एलएमएस: शिकवण्याचं साधन की पीडीएफचं गोदाम?

खडूफळा
यंदा आमच्याकडे फतवा निघाला: प्रत्येक विषयाचं एलएमएसवर, म्हणजे 'लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम' या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर, पान हवं आणि दर आठवड्याला त्यावर किमान एक फाइल चढलीच पाहिजे. मी मुकाट्याने चौदा आठवडे चढवल्या. सत्र संपल्यावर नोंदी उघडल्या तर परीक्षेच्या आदल्या रात्री सगळ्यांनी सगळं एकदम डाउनलोड केलेलं. आधीचे तेरा आठवडे शुकशुकाट!

मी गणित शिकवतो. फळ्यावर सिद्धता लिहिताना मी अडतो, चुकतो, खोडतो, आणि मुलं शिकतात ती त्या खोडण्यातूनच. पीडीएफमध्ये खाडाखोड नसते. नावातच 'मॅनेजमेंट' आहे, तेव्हा हे प्रकरण कार्यालयासाठी आहे, वर्गासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत. सक्ती तरी नको.

रात्रपाळी
साफ असहमत. मी नोकरी करून शिकते, सकाळचं पहिलं व्याख्यान हमखास बुडतं. पूर्वी कुणाकुणाच्या वहीचे फोटो मागत फिरायचे, त्यातही निम्मी अक्षरं लागायची नाहीत. आता फाइल एकदा फोनवर घेतली की जाता-येता चार वेळा वाचून होते. तुमच्या नोंदीत मात्र त्याचा एकच क्लिक दिसणार. त्या क्लिकवरून मी अभ्यास केला की नाही हे कसं ठरवलंत?

तिसरा बाक
खडूफळा, राग मानू नका, पण नाचता येईना अंगण वाकडे. आपण वापरतो ते मूडल हे एलएमएस 2002 साली आलं, तेव्हा ते बनवणाऱ्या मार्टिन डुगियामास यांची धारणाच अशी होती की माणूस इतरांसाठी काही घडवताना शिकतो. आपण त्याचं कपाट करून टाकलं.

त्यात प्रश्नोत्तरांचा एक फोरम आहे. स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. मी वापरला, तर पहिल्याच आठवड्यात तिघांनी उत्तर म्हणून नुसता पूर्णविराम टाकला! पण तिथेही मेख आहे: आपलं उत्तर दुरुस्त करायची मुदत संपल्यावरच बाकीची उघडतात. त्यामुळे पूर्णविराम तसाच राहिला, सगळ्यांना दिसला. पुढच्या आठवड्यात तिघांनीही परिच्छेद लिहिले.

आणि छोट्या चाचण्या. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग बघा. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं. दर आठवड्याला शंभर मुलांकडून असं आठवून घेणं वर्गात कधी जमणार?

खडूफळा
पूर्णविरामाचा किस्सा आवडला. पण दहा चांगले बहुपर्यायी प्रश्न काढायला माझा अख्खा दिवस जातो. चुकीचे पर्यायसुद्धा विद्यार्थी खरोखर करतात त्या चुकांवर बेतावे लागतात, नाहीतर आंधळाही उत्तर ओळखेल. हा दिवस कार्यभारात कुठे मोजतात? फाइल चढवली की हिरवी खूण, प्रश्न काढले तरी तीच हिरवी खूण. मग माणूस काय करेल?

रात्रपाळी, क्लिकचं पटलं. ती नोंद मी नको तेवढी मनावर घेतली.

सर्व्हररूम
पलीकडच्या बाजूने बोलतो. आठवड्याला एक फाइल हा नियम सॉफ्टवेअरचा नाही, तो कार्यालयाचा आहे. आमच्याकडे अहवाल मागतात तोही फायलींच्या संख्येचा. चर्चा किती झाली हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

जाता जाता, मेहनतीने प्रश्नपेढी करणार असाल तर ती बाहेर कोणत्या स्वरूपात निघते हे आधी विचारून घ्या. 2006 मध्ये ब्लॅकबोर्ड या एलएमएस बनवणाऱ्या कंपनीने वेबसीटी ही स्पर्धक कंपनी विकत घेतली. असं झालं की सगळा पसारा उचलून दुसरीकडे मांडायची पाळी येते, आणि बिऱ्हाड हलवताना सगळ्यात जास्त मोडतात त्या प्रश्नपेढ्याच.

तिसरा बाक
कार्यभाराच्या मुद्द्यावर खडूफळांशी सहमत. मी पहिल्या सत्रात हे सगळं झोप मोडून केलं, ते वर लिहायला हवं होतं. सक्ती मात्र मला हवी आहे, नाहीतर रात्रपाळींना निम्म्या विषयांचं काहीच मिळणार नाही.

रात्रपाळी
एक अडचण आहे. माझा मागच्या सत्राचा एक विषय राहिलाय, पुढच्या महिन्यात परीक्षा आहे आणि ते पान सत्र संपताच बंद झालं. सरांना विचारलं तर म्हणाले, सिस्टिमच बंद करते.

सर्व्हररूम
सिस्टिम आपणहून काही बंद करत नाही. कुणीतरी तारीख घातलेली असते. सर स्वतः किंवा तुमच्याकडचा आमच्यासारखा कुणीतरी ती पुढे ढकलू शकतो. दोन मिनिटांचं काम आहे.

खडूफळा
आत्ता पाहिलं, माझंही पान बंदच आहे. माझ्या विषयात अकरा जण राहिलेत आणि एकानेही विचारलं नाही. तारीख पुढे नेली. सक्तीबद्दलचं मत बदललेलं नाही.