शब्दचर्चा: राज्याभिषेक, राज्यारोहण की मुकुटधारण?

मध्ययुगीन फ्रान्सवरचा एक लेख मराठीत करतेय, 'कोरोनेशन'ला काय लिहू? राज्याभिषेक म्हटलं की रायगडच डोळ्यासमोर येतो, ख्रिश्चन राजाला तो शब्द चालेल का? की सरळ मुकुटधारण?

---

ताई, बिनधास्त राज्याभिषेक लिहा. मुकुट तिकडेही नंतर, आधी तेल. ७५१ साली फ्रँक लोकांच्या (म्हणजे जुन्या फ्रान्सच्या) राजाचा कारभारी पेपिन ह्याने मेरोविंजियन घराण्याचा शेवटचा राजा तिसरा शिल्डेरिक ह्याचे लांब केस कापून त्याला मठात धाडलं आणि स्वतः गादीवर बसला, आता ह्याच्यात राजघराण्याचं रक्त नाही मग लोकांनी मानायचं कशाला, म्हणून बिशपांकडून तेलाचा अभिषेक करून घेतला, आणि ७५४ ला पोप दुसरा स्टीफन फ्रान्समध्ये आला तेव्हा त्याच्याकडून परत एकदा, ह्यावेळी दोन्ही मुलांसकट. आधार बायबलचा, शमुवेल संदेष्ट्याने दावीदाला तेल लावून राजा केलं ना तो. मराठी बायबलात तिथे अभिषेक हाच शब्द आहे, ख्रिस्त म्हणजेसुद्धा अभिषिक्त.

पुढे रीम्सला, म्हणजे फ्रान्सच्या राजांचा अभिषेक व्हायचा त्या शहरात, तर कुपीतल्या पवित्र तेलाचा कण सोन्याच्या सुईने काढून दुसऱ्या तेलात मिसळायचे, मग आर्चबिशप ते राजाच्या डोक्याला, छातीला, पाठीला, खांद्यांना, कोपरांना लावायचा, आणि त्यासाठी राजाच्या अंगरख्याला बरोबर त्या त्या जागी उघडता येतील अशा फटी ठेवलेल्या असायच्या. मुकुटधारण लिहिलंत तर हे सगळंच वाहून जाईल, आणि खरी ताकद ह्यातच होती.

राज्यारोहण मात्र वेगळं ठेवा, प्लीज. १२७० मध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई ट्युनिसजवळ वारला, मुलगा तिसरा फिलिप तिथेच छावणीत राजा झाला, अभिषेक रीम्सला १२७१ मध्ये. इंग्लंडचा पहिला एडवर्ड १२७२ पासून राजा, अभिषेक १२७४. म्हणजे तोवर राजाची सत्ता इतकी पक्की झाली होती की तेल लागायच्या आधीच तो राजा. पेपिनच्या काळात हे चाललं नसतं, दोन्हीला एकच शब्द वापरलात तर वाचकाला हा बदल कळणारच नाही.

---

खूप उपयोग झाला, थँक्यू! आणि 'राजाचा दैवी हक्क' हे ह्याच काळासाठी लिहिता येईल?

---

टाळा. ती थिअरी त्या रूपात १६व्या-१७व्या शतकातली, इंग्लंडच्या पहिल्या जेम्सच्या वेळची. पेपिनचा मुलगा शार्लमेन स्वतःला 'देवाच्या कृपेने राजा' म्हणवायचा, मध्ययुगासाठी 'ईश्वरकृपेने' हेच बरोबर. कृपा काढून घेतली असं पोप म्हणू शकत होता, जर्मनीचा राजा चौथ्या हेन्रीला १०७७ च्या थंडीत इटलीत कानोसाला पोपची माफी मागायला जावं लागलं ते त्यामुळेच.