हवा, हवामान की हवापाणी?

प्रश्न : शाळेच्या भूगोलात 'हवा' म्हणजे रोजची स्थिती आणि 'हवामान' म्हणजे दीर्घकाळची सरासरी, असं शिकवलं होतं. मग 'उद्याचं हवामान' हा प्रयोग चुकीचा का?

उत्तर : चुकीचा कसा म्हणणार, चांगला रुळलाय. भूगोलातली विभागणी शास्त्राला धरून आहे, पण बोलण्यात ती टिकली नाही. दोष 'हवा' या शब्दाचा. टायरमध्ये भरतात ती हवा, प्रदूषित होते ती हवा आणि निवडणुकीत कुणाची तरी असते तीही हवाच. 'उद्या हवा कोणाची' एवढंच कानावर पडलं तर माणूस छत्री शोधणार नाही. त्यामुळे रोजच्या ऊन-पावसासाठीही 'हवामान'च वापरात आलं. शिवाय रोजचा अंदाज देणारं खातंही हवामान खातंच.

अर्थ ठरतो तो वाक्यावरून. 'खराब हवामानामुळे विमान उशिरा सुटलं' यात 'आजच्या' घालून बघा, सहज बसतं. 'या किनारपट्टीचं हवामान दमट आहे' यात 'आज' घातलं की वाक्य लंगडतं. तिथे 'एरवी' किंवा 'बारमाही' हवं. पहिल्यात काही तासांची गोष्ट आहे, दुसऱ्यात काही दशकांची. ही दशकंही मोघम नाहीत. जागतिक हवामान संघटना त्यासाठी ३० वर्षांचा काळ धरते. सध्याचा १९९१ ते २०२०. त्यात नुसती सरासरी येत नाही. पाऊस किती वर्षांआड दगा देतो, पारा कुठवर चढतो आणि कुठवर उतरतो, हेही येतं. वाळवंटात एखाद्या दिवशी धो धो पाऊस पडला म्हणून तिथलं हवामान दमट होत नाही. आणि आठवडाभर हुडहुडी भरली की 'कुठे गेली तुमची तापमानवाढ?' असं विचारणारे नेमके हेच दोन अर्थ एकमेकांत मिसळतात. हवामानबदल म्हणजे तो दीर्घकाळचा साचाच सरकणं.

प्रतिसाद : 'मान' म्हणजे मोजमाप. म्हणजे 'हवामान'मध्ये सरासरी आलीच की!

उत्तर : 'पर्जन्यमान', 'ऋतुमान' बघून तसं वाटतं खरं. पण 'तापमान' आत्ता, या क्षणाचंही असतं. 'मान'च्या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद : मग 'जलवायुमान' का नको? गोंधळच मिटेल.

उत्तर : शास्त्रीय लेखात जरूर वापरा. बोलताना तो तोंडात बसत नाही. गंमत म्हणजे त्याच अर्थाचा सोपा शब्द आपल्याकडे आहेच : हवापाणी. 'तिकडचं हवापाणी मानवलं नाही' म्हणणारा एका दिवसाच्या पावसाबद्दल बोलत नसतो. फारसीतलं 'आबोहवा' आणि संस्कृत वळणाचं 'जलवायु' यांतही जोडी तीच, पाणी आणि हवा. आपण फक्त क्रम फिरवला. अर्थात 'हवापाणी बदलाची परिषद' असं कुणी छापणार नाही, हेही खरं.

'वातावरण' मात्र यात ओढू नये, असं माझं मत. 'वातावरणीय बदल' हा सरकारी प्रयोग रूढ होतोय, पण वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं वायूंचं आवरण. त्याची दीर्घकाळची वागणूक ही वेगळी गोष्ट. घोटाळा होईलसं वाटलं तर रोजच्यासाठी 'आजची हवा' किंवा 'हवेची स्थिती' लिहावं आणि दुसऱ्या अर्थी 'दीर्घकालीन हवामान'. शब्द एक वाढतो, तेवढा वाढू द्यावा.