मदत हवी आहे : हिडकलच्या पाण्यातून वर आलेल्या देवळाच्या आतले फोटो

मंडळी, बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यात घटप्रभेवरच्या हिडकल धरणात बुडालेलं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. बाहेरून फोटो छान येतात. अडतंय ते आत.

दगडावर वाळलेल्या गाळाचा थर मला दाखवायचाय. इतकी वर्षं पाण्याखाली राहिल्याची खरी खूण तीच. पण दगड नीट दिसेल असं एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) घेतलं की दारातून दिसणारं पाणी पांढरंफटक होतं, आणि पाणी सांभाळलं तर आत काळोख.

फ्लॅश मारून पाहिला, गाळाचा खडबडीतपणाच गेला. ट्रायपॉडवर -2, 0, +2 (कमी, मध्यम, जास्त उजेडाचे) असे तीन फोटो घेऊन जोडले, तर ट्रायपॉडचे पाय ओल्या गाळात रुतत असल्याने फ्रेम जुळत नाहीत. पायांखाली फळ्या ठेवल्या, तरी थोडं सरकतंच.

कॅमेरा साधा क्रॉप सेन्सर, 18-55 लेन्स, आयएसओ 100, एफ 8, रॉ फाईल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाईल). ड्रोन नको. पूजेची जागा आहे, म्हणून आत मोठे दिवेही लावायचे नाहीत. बेळगावहून पहाटे निघून सूर्योदयाला पोचू शकतो.

एकाच रॉ फाईलमध्ये पाणी सांभाळून नंतर सावल्या उचलल्या (अंधारे भाग संगणकावर उजळले) तर गाळाचा पोत टिकेल का, की ट्रायपॉड गाळात स्थिर ठेवायची काही युक्ती आहे?