पाठीचा कणा हँडबॅगेत चालतो का? (डॅव्हनपोर्ट, आयोवा – माहिती हवी)

वहिनी_४११०३०

नमस्कार मंडळी. आमचे हे कायरोप्रॅक्टर आहेत. (हो, तेच, रीलमध्ये मान कटकन मोडून देतात ते. नाही, तो रीलवाला म्हणजे हे नव्हेत.) ह्यांचं शिक्षण अमेरिकेत, आयोवातल्या डॅव्हनपोर्टला पामर कॉलेजात झालं. तिथे माजी विद्यार्थ्यांचं होमकमिंग असतं, आणि यंदा मीही जायचं म्हणतेय. ह्यांना काहीही विचारलं की "मी तिथे शिकलोय, मला सगळं ठाऊक आहे" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून इथे विचारते.

सुरुवातच गमतीशीर झालीय. ओळखीच्या ट्रॅव्हलवाल्याने हॉटेल करून दिलं, अगदी स्वस्तात. कागद वाचायला घेतला तर पोहण्याचा तलाव, ताडाची झाडं, डिस्ने वर्ल्ड अगदी जवळ. म्हटलं, आयोवात मका असतो ना हो? नीट बघितलं तर डॅव्हनपोर्ट, फ्लोरिडा! दोन्ही गावांत दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर. ट्रॅव्हलवाला वर मलाच म्हणतो, "वहिनी, नाव तर बरोबर आहे ना." पैसे आले परत, कॅन्सलेशनचे तेवढे गेले.

आता सामान. ह्यांचं एक घडीचं टेबल आहे, पेशंटला पालथं झोपवायचं, तोंडाशी भोक असलेलं. ते प्रवासात बरोबर हवंच, मग भाचीचं लग्न का असेना. मागे एकदा ते विमानात चढलं नाही आणि भलत्याच गावी जाऊन राहिलं. सापडलं तेव्हा विमान कंपनीच्या कागदावर लिहिलेलं होतं, 'इस्त्रीचं टेबल, एक.' त्या भोकातून काय इस्त्री करतात असं त्यांना वाटलं देव जाणे.

पण खरा प्रश्न बंडोपंतांचा. बंडोपंत म्हणजे ह्यांचा प्लास्टिकचा कणा, मानेपासून माकडहाडापर्यंत अख्खा, खाली कमरेच्या हाडासकट. पेशंटला समजवायला लागतो. नाव लेकीने ठेवलंय. तर एका विमानतळावर बंडोपंत मशीनमध्ये गेले आणि पट्टा थांबला. जवान स्क्रीनकडे बघतो, ह्यांच्याकडे बघतो, परत स्क्रीनकडे. मग दुसऱ्याला बोलावलं. बॅग उघडली.

"ये किसका है?"

"माझाच आहे," हे.

"आपका तो आपके अंदर होगा. ये किसका है?"

मागे रांगेत हशा. मी दुसऱ्याच कुणाबरोबर आलेय असा चेहरा केला. शेवटी प्लास्टिक आहे हे पटलं, वाजवून बिजवून झालं, आणि बॅग बंद करता करता त्या जवानाने आवाज खाली आणला: "सर, वो एल-फोर एल-फाइव्ह कौनसा होता है?" (म्हणजे कमरेतले खालचे दोन मणके.) झालं! हे खुलले. बंडोपंत पुन्हा बाहेर, गादी कुठे सरकते, नस कुठे दबते, दिवसभर उभं राहणाऱ्याने वजन कसं पेलायचं, सगळं साग्रसंगीत. आमच्या नावाचा पुकारा होईस्तोवर तिथे आणखी दोघं कमरेवर हात ठेवून उभे होते.

तर मला विचारायचंय असं: शिकागोला उतरून डॅव्हनपोर्टला कसं जायचं? टेबल न्यावं का? बंडोपंत हँडबॅगेत की खालच्या सामानात? आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाने "तुम्ही काय करता?" असं विचारलं तर ह्यांनी काय सांगावं, जेणेकरून मला पंधरा तास झोप मिळेल?

मोलाइनकर

वहिनी, मी तुमच्या डॅव्हनपोर्टच्या समोरच राहतो, म्हणजे नदीच्या पलीकडे. मगरपट्ट्यातल्या ट्रॅक्टर कंपनीतून इथल्या मुख्यालयात आलो आणि इथलाच झालो. हिरवे ट्रॅक्टर, पिवळी चाकं. कळलं असेल.

विमानाचं तिकीट काढताना डॅव्हनपोर्ट शोधू नका, मोलाइन शोधा, कोड एमएलआय. विमानतळ इलिनॉयमध्ये, कॉलेज आयोवात, मध्ये मिसिसिपी. शिकागोहून छोटं विमान मिळतं. पण सामान पुन्हा कुठेतरी राहायची धास्ती असेल तर शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरून सरळ गाडी घ्या. आय-८८ हायवेने साधारण तीन तास, टोल आहे. प्रवासी रेल्वे इथवर येत नाही, त्यामुळे "तिथे स्टेशन आहे" असं साहेब म्हणाले तर मान डोलवा आणि गाडीच बुक करा. ह्या सगळ्या पसाऱ्याला क्वाड सिटीज म्हणतात. म्हणायचं चार आणि मोजायची पाच गावं: डॅव्हनपोर्ट, बेटेनडॉर्फ, रॉक आयलंड, मोलाइन, ईस्ट मोलाइन.

एक गंमत आधीच सांगून ठेवतो, कारण इथे सगळे पाहुणे फसतात. मिसिसिपी उत्तरेकडून दक्षिणेला जाते हे शाळेत शिकलो, पण इथे ती वळसा घेऊन पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. त्यामुळे आयोवा नदीच्या पश्चिमेला नसून उत्तरेला येतं. माझे सासरे आठवडाभर संध्याकाळी चुकीच्या खिडकीत सूर्य शोधत होते. शिवाय गव्हर्नमेंट ब्रिज म्हणून १८९६ चा एक पूल आहे, वर आगगाडी आणि खाली मोटारी. बार्ज (मालवाहू बोट) आली की त्याचा एक अख्खा भाग आडवा फिरतो. गाड्या थांबतात, लोक इंजिन बंद करून खाली उतरतात. सकाळी कार्यक्रमाला वेळेवर पोचायचं असेल तर आय-७४ चा नवा पूल धरा. संध्याकाळी मात्र मुद्दाम जुन्यावर जा.

टेबल आणू नका. वजनाचं सोडा (बहुतेक ठिकाणी २३ किलो, आणि लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटर, तुमचं टेबल त्यात बसेल की नाही ते मोजून घ्या). पण तुम्ही येणार पर्यटक व्हिसावर. त्यावर इथे काम करता येत नाही, आणि आयोवाचं लायसन्स नसताना कुणाच्या पाठीला हात लावणं तर नाहीच नाही. इमिग्रेशनच्या खिडकीशी टेबल कशाला आणलंय हे समजावत बसाल. बंडोपंत बिनधास्त हँडबॅगेत आणा, प्लास्टिकला कुणाची हरकत नसते.

नाशिकची_फिजिओ

वहिनी, लिहिलंय छान, हसले. पण व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

तो 'कट' आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याची पावती नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो त्याचा तो आवाज. आवाज आला नाही म्हणून उपचार फुकट गेले असंही नाही. आणि मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या असतात. मानेला जोराचा झटका दिल्यावर त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. क्वचित होतं, पण होतं. त्यामुळे विमानात शेजाऱ्याने मान पुढे केली तर उत्तर एकच, नाही.

कंबरदुखीत हाताने केलेल्या उपचारांचा काही जणांना थोडाफार फायदा होतो, ते मी नाकारत नाही. माझं भांडण आहे ते "कण्यामुळे सगळे रोग" ह्या जुन्या दाव्याशी. त्या पामर मंडळींची गोष्ट १८ सप्टेंबर १८९५ ला सुरू होते. चुंबकीय उपचार करणाऱ्या डी. डी. पामरांनी (कायरोप्रॅक्टिकचे जनक ते हेच) हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं म्हणे. कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते हो, पाठीतून वळसा घालून नाही जात.

वहिनी_४११०३०

@नाशिकची_फिजिओ: तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. बुडबुड्याचं मान्य. लिलार्डच्या गोष्टीवर "ती आमची दंतकथा आहे, अभ्यासक्रम नाही" असं म्हणाले आणि चहा मागितला. आमच्या घरात नियम आहे, प्रवासात आणि लग्नकार्यात कुणाची मान नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई त्यावरून अजून रुसलेल्या आहेत. क्लिनिकमध्येही आधी तपासणी, गरज वाटली तर एमआरआय, आणि अर्ध्या लोकांना हे "खुर्ची बदला" सांगून परत पाठवतात. त्यावर धंदा कसा चालतो ते मला विचारू नका.

@मोलाइनकर: टेबल राहिलं. तुमचं व्हिसाचं वाक्य वाचून हे एकदम गप्पच झाले. हे असं क्वचित होतं.

कणकवलीकर७२

नमस्कार. धागा वाचला. माझी कंबर गेले दोन महिने डाव्या बाजूने धरते, वाकलं की पोटरीपर्यंत कळ जाते, चप्पल घालताना पाय नीट उचलत नाही. डॉक्टरसाहेबांना विचारून सांगाल काय? रिपोर्टचे फोटो टाकू काय?

वहिनी_४११०३०

बघितलंत? हेच म्हणत होते मी.

भाऊ, फोटो नका टाकू. ह्यांचा निरोप आहे: पाऊल उचलायला जड जातंय तर इंटरनेटवर थांबू नका, ह्याच आठवड्यात ऑर्थोपेडिककडे किंवा न्यूरोकडे जा. तोवर कुणालाही कंबर मोडू देऊ नका, अगदी ह्यांनासुद्धा.

नाशिकची_फिजिओ

ह्या बाबतीत माझं आणि वहिनींच्या साहेबांचं शंभर टक्के एकमत. आणि लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं तर आठवडा नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

मोलाइनकर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. शेजाऱ्याने विचारलं तर साहेबांनी "विमा एजंट" असं सांगावं. कुणी पुढे एक शब्द बोलत नाही.

आणि दोन ठिकाणं लिहून ठेवा. कॉलेज ब्रेडी स्ट्रीटच्या चढावर आहे, तिथे साहेब स्वतःच फिरवतील. डी. डीं.चा मुलगा बी. जे. पामर ह्याने १९२२ मध्ये डब्ल्यूओसी हे रेडिओ स्टेशन विकत घेतलं होतं. रोनाल्ड रेगनना निवेदकाची पहिली नोकरी तिथेच मिळाली. ही गोष्ट गावातला प्रत्येक जण सांगतो, नवीन असल्यासारखं ऐका. दुसरं म्हणजे आय-८० वर वॉलकॉटचा ट्रकस्टॉप, एक्झिट २८४, डॅव्हनपोर्टहून जवळच. जगातला सर्वांत मोठा म्हणवतात. तिथे न्हावी आहे, दातांचा डॉक्टर आहे आणि ट्रकवाल्यांसाठी चक्क कायरोप्रॅक्टरही आहे. डिझेल भरायचं, पाठ दाखवायची, पुढे निघायचं. साहेबांना तिथे सोडलंत तर तुम्ही शेजारचं ट्रकचं म्युझियम आरामात बघून याल.

हॉटेल बुक करताना राज्याचं नाव आयए (म्हणजे आयोवा) आहे ना, ते मात्र तुम्हीच बघा. येताना मेतकूट मिळालं तर आणा, पाकीट बंद असलेलं.

वहिनी_४११०३०

विमा एजंट चालेल! ह्यांना पटलेलं नाही, पण बोर्डिंगच्या आधी पुन्हा बजावीन. मेतकूट अर्धा किलो आणते, टेबलाचं वजन वाचलंच आहे. पत्ता व्यनि करा.