उघड्या लाकडी डेकला तेल द्यावे की पीयू?

जांबोटी, ता. खानापूर
घरामागच्या सागवानी डेकवर, म्हणजे फळ्यांच्या उघड्या ओट्यावर, तीन वर्षांपूर्वी आम्ही पारदर्शक पीयू (पॉलीयुरेथेन, लाकडावर थर धरणारे वार्निश) मारून घेतला. पहिल्या वर्षी तो आरशासारखा दिसला. दुसऱ्या पावसाळ्यात फळ्यांच्या टोकांशी त्याला भेगा पडल्या, आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नाही आणि पापुद्रे सुटू लागले. शेवटी सगळा थर खरवडावा लागला. त्यामुळे माझे मत असे झाले आहे की, उघड्यावरच्या लाकडावर थर धरणारे काहीही लावू नये, आत मुरणारे तेलच द्यावे. तेल विटते, पण सोलत नाही. फळ्या धुऊन, वाळवून पुन्हा एक हात दिला की काम होते.

टिळकवाडी, बेळगाव
आपण लाकडाचा दोष पीयूच्या माथी मारत आहात. फळ्या पुरत्या वाळल्या होत्या का? लाकडातील ओलावा साधारण पंधरा टक्क्यांच्या वर असेल, तर कोणताही थर टिकत नाही. शिवाय साग मुळात तेलकट असतो. थिनरने पुसल्याशिवाय त्यावर पीयू नीट पकड घेत नाही. माझ्या पडवीतला पीयू सहा वर्षे शाबूत आहे. उलट कच्चे जवसाचे तेल कित्येक दिवस चिकट राहते आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. दरवर्षी हा उपद्व्याप कोणी करायचा?

जांबोटी
आपली पडवी छपराखाली आहे, माझा डेक नाही. सारा फरक तिथेच आहे. पारदर्शक थरातून ऊन आरपार जाते, लाकडाच्या पृष्ठभागातील लिग्निन (तंतूंना एकत्र धरून ठेवणारा घटक) विघटित होते आणि ज्या लाकडाला थराने धरायचे तेच भुसभुशीत होते. बुरशीचा मुद्दा मात्र मान्य आहे. म्हणून जवसाचे नुसते तेल नव्हे, तर रंगद्रव्य आणि बुरशीनाशक असलेले, बाहेरच्या लाकडासाठीचे तेल घ्यावे. रंगद्रव्य ऊन अडवते.

कणकुंबी
आमच्याकडे काजूच्या टरफलांचे तेल वाशांना लावत, त्याचा विचार का होत नाही?

जांबोटी
ते काळेकुट्ट आणि चिकट असते, अंगाला लागले तर फोड उठतात. अनवाणी वावरण्याच्या जागी ते नको. फार तर खालच्या बहालांना लावता येईल.

टिळकवाडी
उघड्या फळ्यांपुरते मी माघार घेतो, पण तेल देणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगतो. फळीची कापलेली टोके मधल्या भागापेक्षा कितीतरी अधिक पाणी पितात. तिथे तेल मुरायचे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे, आणि हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, वळवाच्या आधी उरकावे. दुसरे म्हणजे जवसासारख्या सुकणाऱ्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण तेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्याच्या बादलीत बुडवावीत किंवा उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत. छपराखालच्या खांबांना मात्र मी पीयूच देणार.