मदत हवी आहे: ब्रिटनी स्पिअर्सचं 'फँटसी' परफ्यूम अस्सल कसं ओळखायचं, दमट हवेत कसं लावायचं?

बकुळ: धाकट्या बहिणीसाठी ब्रिटनी स्पिअर्सचं 'फँटसी' घ्यायचं आहे, १०० मिली. ती रत्नागिरीत असते, त्यामुळे घामाचा प्रश्न आहेच. गोड फुलांचा वास आवडतो, पण डोकं धरणारा नको. ऑनलाइन किमतींत दुपटीहून जास्त फरक दिसतोय. अस्सल कसं ओळखू? टिकेल का?

अत्तरदाणी: आधी 'ओ द परफ्यूम' (जास्त सुगंधद्रव्य असलेला प्रकार) हे शब्द नीट वाचा. याच नावाचं बॉडी मिस्टही येतं. त्यात सुगंधद्रव्य फार कमी असतं, म्हणून ते स्वस्त. मूळ 'फँटसी' २००५ सालचं, गुलाबी गोल बाटली आणि तिच्यावर हिरवे खडे. 'मिडनाइट फँटसी' निळ्या बाटलीत येतं, त्याचा वास वेगळा.

रीतसर आयात झालेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश आणि नोंदणी क्रमांक असतो. खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच कोड (उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक) जुळला नाही तर सरळ परत करा. पण जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका, नकलीवाले दोन्हीकडे एकच कोड छापतात. 'टेस्टर', म्हणजे दुकानात वास घेऊन बघायची बाटली, अस्सल असू शकतो, मात्र बरेचदा टोपण नसतं आणि खोकं साधं असतं. भेटीसाठी नको.

केवडा_०२: टिकण्याबद्दल. सुरुवातीची लिची-किवी लवकर उडते. मग चमेली, कपकेक, व्हाइट चॉकलेट. शेवटी मस्क (कस्तुरीसारखा वास) आणि आयरिस या फुलझाडाचं मूळ, आणि हा भाग त्वचेलगत राहतो. लावणाऱ्याचं नाक वासाला सरावतं, म्हणून 'उडालं' वाटतं आणि माणूस आणखी फवारतो. डोकं धरतं ते इथेच! तीन तासांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं.

अंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं, मग १५-२० सेंमीवरून दोन फवारे. रुक्ष त्वचेवर वास लवकर विरतो. मनगटं घासू नयेत, घासल्याच्या उष्णतेने वरचा फळांचा वास आणखी लवकर जातो. घामावर मात्र कधीच फवारू नये, आंबूस-गोड असा विचित्र वास येतो.

बकुळ: कपड्यांवर चालेल का? ती पांढरे कुर्ते बरेच घालते.

केवडा_०२: पांढऱ्यावर नको, रेशमावर आणि जरीवर तर नकोच. गोड सुगंधांत बहुधा व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं द्रव्य) असतं. ते हवा-उजेडाने तपकिरी पडतं आणि त्याचा पिवळट डाग राहू शकतो. गडद सुती ओढणीला आतून एक फवारा पुरे. मोत्यांचे दागिने फवारा वाळल्यावरच घालावेत, अल्कोहोलने मोत्यांची झळाळी जाते.

अत्तरदाणी: बाटली खोक्यातच, कपाटात ठेवायला सांगा. बाथरूम किंवा खिडकी नको. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून खाज किंवा पुरळ येतं का ते २४ तास बघावं. आणि पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या, सील फोडण्याआधी स्टिकर नि कोड त्यात स्पष्ट दिसू द्या. परत करायची वेळ आली तर तोच पुरावा.